टोइंग क्षमता पुरेशी, तरी ट्रेलर डोलतो का?

प्रश्न : आमचा हाफ-टन (पिकअपचा हलका वर्ग) पेट्रोल पिकअप ९,००० पौंड ओढू शकतो, असं माहितीपत्रकात आहे. सामानासह ट्रेलर ६,५०० पौंडांचा. तरी मागची बाजू खाली बसते, हायवेवर ट्रेलर डोलतो. असं का?

उत्तर : ९,००० विसरा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं पिवळं-पांढरं स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते तिथे असतं. समजा १,५०० पौंड. ट्रेलरच्या वजनाचे १० ते १५ टक्के हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या सांध्यावर येतात आणि तेही याच १,५०० मध्ये मोजायचे. १३ टक्के धरले तर ८४५. हिचचं स्वतःचं वजन साधारण १००, चार माणसं ६५०. झाले १,५९५! बर्फाचा कूलर अजून चढलेलाच नाही.

मागे भार आल्याने पुढचं चाक हलकं झालं की स्टीअरिंग सैल वाटतं. म्हणून वेट-डिस्ट्रिब्यूशन हिच (ताणलेल्या बारांनी भार पुढच्या चाकांकडेही वाटणारा हिच) लावा आणि टेपने मोजा : पुढच्या फेंडरची (चाकावरच्या पत्र्याची) उंची ट्रेलरशिवाय ३६ इंच, जोडल्यावर ३८ असेल, तर बार ताणल्यावर ती निदान ३७ पर्यंत उतरायला हवी. नेमका आकडा पिकअपच्या मॅन्युअलमध्ये पाहा. मात्र हिचमुळे पेलोड, म्हणजे स्टिकरवरची वजनाची मर्यादा, वाढत नाही. विक्रेते हे सहसा सांगत नाहीत.

डोलण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ट्रेलरच्या मागच्या भागात ठासलेलं सामान. जड वस्तू ट्रेलरच्या अ‍ॅक्सलच्या पुढे सरकवा, टायरची हवा थंड असताना तपासा. तरीही डोललाच, तर पिकअपचा ब्रेक दाबू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टीअरिंग सरळ धरा आणि ब्रेक कंट्रोलरच्या (ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या, ड्रायव्हरजवळच्या उपकरणाच्या) हाताच्या कळीने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा.