गोव्यात जाऊन ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढण्यात काही अर्थ आहे का?

डिसेंबरातल्या चार दिवसांच्या सहलीत ब्लॅक अँड व्हाइट काढावं का, कॅमेऱ्यातच मोनोक्रोम लावावा की घरी येऊन रंग काढावा, आणि "फोटो बिघडला की लोक तो ब्लॅक अँड व्हाइट करतात" हे तुमच्या मित्राचं म्हणणं खरं का, असं तुम्ही विचारलंय. शेवटच्यापासून सुरुवात करतो. हेच वाक्य आमच्या भावोजींच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की ते कुणीही उच्चारलं तरी माझं डोकं फिरतं.

खरं नाही, उलट आहे. लाल कौलं, हिरवे माड, निळं आभाळ एवढं आलं की मागे रचना नसली तरी फोटो खपून जातो. रंग काढा, मग कळतं काय उरलं ते. बिघडलेला फोटो तेव्हा जास्तच उघडा पडतो.

भावोजी मुंबईचे. कॅमेरा माझ्या स्कूटरपेक्षा महाग. एका आषाढात ताईबरोबर आले होते, म्हणून द्वादशीला त्यांना माशेलला घेऊन गेलो, चिखलकाल्याला. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात अंगाला तेल चोपडून लहानथोर चिखलात खेळतात. वरून पाऊस, खाली तांबडी माती. आम्ही दोघं एकाच कोपऱ्यात, एकाच छत्रीखाली उभे होतो.

आता तांबडा चिखल आणि आपली सावळी कातडी, दोन्ही जवळपास एकाच रंगाच्या घरातली. नुसता रंग काढून टाकला तर माणूस आणि चिखल एकजीव होतात, आणि नंतर संगणकावर लाल-नारिंगी पट्ट्या कितीही सरकवल्या तरी वेगळे होत नाहीत. तिथे कामाला येतं ते तेल. तेलकट पाठीवर पावसाचं पाणी पसरत नाही, थेंब थेंब होऊन थांबतं आणि प्रत्येक थेंबात आभाळ चमकतं. चिखल मात्र पाणी पिऊन मंद पडतो. मग मी माणसं शोधायची सोडून चमक शोधत बसलो. एक पोरगा खाली वाकला होता, पाठीचा कणा मण्यांच्या माळेसारखा उठून दिसत होता, आणि मानेवर दुसऱ्या कुणाच्या तरी हाताची पाच बोटं चिखलाने उमटलेली. तेवढंच घेतलं.

रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप टीव्हीला जोडला. भावोजींचा फोटो आधी. खेळणारे अगदी टकाटक, आणि मागे निळीभोर ताडपत्री, एक पिवळा रेनकोट, रंगीत छत्र्या. आईने पहिला प्रश्न विचारला, "ही ताडपत्री कुठे बांधली होती रे?" माझा फोटो आला तेव्हा ती उठून टीव्हीजवळ गेली आणि म्हणाली, "हा खालच्या वाड्यावरचा पोर ना?" नुसत्या पाठीवरून ओळखला. भावोजींचं उत्तर: "रंग जमत नाहीत म्हणून हे धंदे."

त्यांचा हुकमाचा एक्का म्हणजे छायाचित्रकार रघुबीर सिंह (1942–1999). त्यांनी भारत रंगातच पाहायचा अशी बाजू मांडली, हे खरं. माणूस फार मोठा, वादच नाही. पण त्यांच्या चौकटीत ताडपत्री आली तर तिला काहीतरी काम असे. भावोजी नाव त्यांचं घेतात आणि रंग भडक करणारी सॅच्युरेशनची पट्टी शेवटपर्यंत ओढतात.

बरं, तुमचा प्रश्न. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा आणि पडद्यावर मोनोक्रोम ठेवा. बघताना काळं-पांढरं दिसतं, फाइलमध्ये सगळे रंग शाबूत राहतात. नुसत्या जेपेगमध्ये मोनोक्रोम काढलंत तर रंग कायमचे गेले, आणि गोव्यात ते परवडत नाही. पणजीत फोंताईन्हासला, त्या जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या वस्तीत गेलात की कळेल. लाल भिंत आणि हिरवी खिडकी डोळ्यांना भांडताना दिसतात, पण दोन्हींचा उजळपणा सारखा असला की रंग काढल्यावर दोन्ही एकाच राखाडीत जाऊन बसतात. पिवळ्या भिंतीची पांढरी किनार तर गायबच होते. रॉ असेल तर पिवळा खाली ओढून भिंत गडद करता येते, किनार परत येते. भावोजी ज्याला "एक बटण दाबलं की झालं" म्हणतात, ते हे काम.

तांबडी सुर्ल्याला नक्की जा. कदंबांच्या काळातलं काळ्या बेसॉल्टचं महादेवाचं देऊळ, तोंड पूर्वेला, म्हणून सकाळी. भोवती रान असल्याने दगडावर हिरवट झाक येते आणि रंगीत फोटोत ती काढता काढता जीव जातो. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये तो प्रश्नच उरत नाही. मिठागरं सुचवली असती, पण मिठाच्या राशी डिसेंबरात नसतात, उन्हाळा लागावा लागतो. खरं तर ब्लॅक अँड व्हाइटसाठी आषाढ-श्रावणात यायला हवं. डिसेंबरातलं भर दुपारचं ऊन कोरडं आणि कडक. तेव्हा किनाऱ्यावर फिरण्यापेक्षा जेवून झोपा.

फोंताईन्हासमध्ये लोक राहतात, फोटो काढू नका अशा पाट्या काही दारांवर लावलेल्या आहेत, त्या वाचा. देवळात विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका. आणि पावसाळ्यात आलात तर लेन्स बॅगेत कोंडून ठेवू नका, बुरशी धरते.

एक राहिलंच. सगळंच काळं-पांढरं करावं असं माझं म्हणणं नाही. शिगम्यातला रोमटामेळ, म्हणजे ढोल-ताशांची मिरवणूक, मी रंगातच काढतो. गुलालाचा रंग काढला तर नुसती धूळ उडाल्यासारखी दिसते. हे भावोजींना माहीत आहे, आणि दर शिगम्याला फोन करून ते मला त्याची आठवण करून देतात.