विंडोज ११ नंतर वर्डच्या फायली उघडेनात, जुनी मराठी पत्रे वाचता येईनात

तुमच्या प्रश्नात चार तक्रारी आहेत. विंडोज १० वरून ११ (२४एच२) वर गेल्यापासून वर्डच्या फायलींचे चिन्ह पांढरे झाले. डबल-क्लिक केले की ‘कशात उघडू?’ अशी खिडकी येते. काही फायली नुसत्या वाचता येतात, सेव्ह होत नाहीत. आणि २००५-०६ च्या सुमाराची मराठी पत्रे उघडली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. दुकानदाराने अपग्रेड करताना ‘फक्त वैयक्तिक फायली ठेवा’ हा पर्याय घेतला आणि ऑफिस नंतर नव्याने टाकले, हेही तुम्ही लिहिले आहे. निम्मे उत्तर त्यातच आहे. त्या पर्यायात कागदपत्रे राहतात. प्रोग्राम, त्यांच्या नोंदी आणि वेगळे बसवलेले फॉन्ट जातात. म्हणजे फायली बहुतेक धडधाकट आहेत, त्यांना ओळखणारे आणि दाखवणारे कोणी उरलेले नाही.

दुरुस्तीला हात लावण्याआधी दोन कामे करा. पहिले, सगळा फोल्डर पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि प्रयोग त्या कॉपीवरच करा. कचरा दिसणारी फाइल मुळीच सेव्ह करू नका. दुसरे, सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचा फोल्डर आहे का ते पाहा. जुनी विंडोज त्यात ठेवलेली असते, पण साधारण १० दिवसांनी तो आपोआप पुसला जातो. तुमचे जुने फॉन्ट त्यातल्या ‘विंडोज’ आणि मग ‘फॉन्ट्स’ या फोल्डरात असणार. मुदत संपायच्या आत तेवढा फोल्डर तरी बाजूला काढून ठेवा. दुसरे काही आज जमले नाही तरी चालेल, हे मात्र आजच करा.

आता डबल-क्लिक. फाइलवर राइट-क्लिक, ‘ओपन विथ’, ‘चूज अनदर ॲप’, यादीतून वर्ड निवडा आणि खाली ‘ऑल्वेज’ दाबा. ‘जस्ट वन्स’ दाबले तर उद्या पुन्हा तेच. वर्ड यादीत नसेल तर ‘चूज ॲन ॲप ऑन युवर पीसी’ घेऊन ‘प्रोग्राम फाइल्स’, ‘मायक्रोसॉफ्ट ऑफिस’, ‘रूट’, ‘ऑफिस१६’ असे आत जा आणि ‘विनवर्ड’ निवडा. ३२-बिट ऑफिस असेल तर ‘एक्स८६’ लिहिलेल्या प्रोग्राम फाइल्समध्ये. तुमचे ऑफिस २०१९ चे असो की २०२१ चे, फोल्डरवर आकडा १६च असतो, त्यामुळे गोंधळू नका. फाइलच्या नावाअखेर टिंबानंतर येणारे डॉक, डॉकएक्स आणि आरटीएफ हे तीन वेगळे प्रकार आहेत. एकासाठी केलेली निवड दुसऱ्याला लागू होत नाही, म्हणून तिन्हींसाठी एकेकदा करा. एका जागी बसून करायचे असेल तर ‘सेटिंग्ज’, ‘ॲप्स’, ‘डिफॉल्ट ॲप्स’ इथे वरच्या चौकटीत टिंबासकट प्रकार टाइप केला की आत्ता तो कशाला जोडलेला आहे ते दिसते.

रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या नोंदवहीत) अमुक नोंद बदला, तमुक ‘क्लीनर’ चालवा, असे सल्ले जागोजाग मिळतील. त्यांच्या नादी लागू नका. वापरकर्त्याने केलेल्या निवडीसोबत विंडोज एक पडताळणीचा आकडा साठवते. नोंद हाताने बदलली की तो आकडा जुळत नाही आणि विंडोज निवड रद्द करून स्वतःच्या मनाचे ॲप लावते. जोडणी बरोबर असूनही चिन्ह पांढरेच राहिले तर संगणक एकदा रीस्टार्ट करा. चिन्हांचा साठा शिळा असतो, इतकेच.

आरटीएफ फायलींचे कारण आणखी साधे आहे. २४एच२ या आवृत्तीतून वर्डपॅड काढून टाकले आहे. विंडोज ९५ पासून ते सोबत यायचे आणि आरटीएफ त्यातच उघडायच्या, म्हणून आता त्या पोरक्या झाल्या. वर्ड आहे तर वर्ड लावा. ज्या संगणकावर ऑफिस घ्यायचे नाही तिथे लिबरऑफिसचे रायटर टाका. ते फुकट आहे आणि डॉक, डॉकएक्स, आरटीएफ तिन्ही उघडते.

जोडणी झाल्यावरही एखादी फाइल ‘मजकुरात अडचण आहे’ म्हणून अडली, तर तिच्या नावातला प्रकार खरा आहे का ते बघा. एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’, ‘शो’, ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा, मग फाइलची कॉपी नोटपॅडमध्ये उघडा आणि फक्त पहिली दोन-चार अक्षरे पाहा. सुरुवातीला ‘पी’ आणि ‘के’ ही मोठी इंग्रजी अक्षरे असतील तर ती खरी डॉकएक्स, कारण डॉकएक्स ही आतून झिप फाइल असते. महिरपी कंसानंतर ‘आरटीएफ’ दिसले तर आरटीएफ. कोनी कंसात ‘एचटीएमएल’ दिसले तर ते वेबपान आहे, कोणीतरी त्याला डॉकचे नाव चिकटवले आहे. प्रकार कळला की कॉपीचे नाव त्याप्रमाणे बदला. सगळीकडे कोरी जागाच असेल किंवा फाइलचा आकार शून्य असेल तर त्यात काही उरलेले नाही. जुना बॅकअप शोधा. नोटपॅड बंद करताना ‘सेव्ह करू का’ विचारले तर नाही म्हणा, नाहीतर चांगली फाइलही तिथेच मोडेल.

फाइल खरी आहे पण बिघडलेली आहे, असे वाटले तर वर्डमधून ‘फाइल’, ‘ओपन’, ‘ब्राउझ’ करून ती निवडा, ‘ओपन’ बटणाशेजारचा बाण दाबा आणि ‘ओपन अँड रिपेअर’ घ्या.

सेव्ह न होणाऱ्या फायलींची कारणे वेगवेगळी असतात, आणि वर्डची सर्वात वरची पट्टी वाचली की बहुतेक वेळा कारण कळते. तिथे ‘अनलायसन्स्ड प्रॉडक्ट’ असेल तर दोष फाइलचा नाही. ऑफिस ॲक्टिव्हेट झालेले नाही, आणि अशा ऑफिसात फाइल उघडते, छापताही येते, संपादन मात्र होत नाही. दुकानदाराकडून परवान्याचा हिशोब मागा.

टूलबारखाली पिवळी पट्टी आणि ‘एनेबल एडिटिंग’ असेल तर तो ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’. इंटरनेटवरून किंवा ईमेलमधून आलेल्या फाइलवर विंडोज ‘ही बाहेरून आली’ अशी खूण ठेवते, तिचा हा परिणाम. ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटपासून अशा फायली एक्सप्लोररच्या प्रिव्ह्यू चौकटीतही दिसत नाहीत, त्यामुळे तिथे काही दिसले नाही म्हणून फाइल गेली असे समजू नका. फाइल खात्रीची असेल तर राइट-क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, खाली ‘अनब्लॉक’च्या चौकटीत खूण, ‘ओके’. शेकडो फायली झिपमधून आल्या असतील तर झिप उलगडण्याआधी झिपलाच अनब्लॉक करा. आतली प्रत्येक फाइल मोकळी निघते.

पट्टीवर नुसते ‘रीड-ओन्ली’ असेल तर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रीड-ओन्ली’च्या चौकटीतली खूण काढा. सीडीवरून कॉपी केलेल्या जुन्या फायलींवर ती असू शकते. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये मात्र तीच चौकट नेहमी अर्धवट भरलेली दिसते, काढली तरी परत येते. तिला काही अर्थ नाही, तिच्यामागे तास घालवू नका. ‘दुसऱ्या कोणी उघडली आहे’ असा संदेश येत असेल आणि संगणक तुम्ही एकटेच वापरत असाल, तर वर्ड बंद करून त्याच फोल्डरातल्या लपवलेल्या फायली दिसू द्या. नावाच्या सुरुवातीला नागमोडी रेघ आणि डॉलरचे चिन्ह असलेली छोटी फाइल ही मागे राहिलेली कुलूप-फाइल. ती उडवा.

एवढे करूनही ‘डॉक्युमेंट्स’मध्येच सेव्ह होत नसेल आणि डेस्कटॉपवर होत असेल, तर तुमचे ‘डॉक्युमेंट्स’ नेमके कुठे आहे ते बघा. विंडोज ११ च्या मांडणीत वनड्राइव्हचा (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्याचा) बॅकअप चालू झाला असेल तर तो फोल्डर वनड्राइव्हच्या पोटात हलवला जातो. तिथे फाइलशेजारी ढगाचे चिन्ह असेल तर फाइल डिस्कवर नाहीच, नेट नसेल तेव्हा उघडणार नाही. राइट-क्लिक करून ‘ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा. फुकटची जागा ५ जीबी. फोटोंनी ती भरली की नव्या फायली वर चढणे थांबते. आणि फोल्डर एका पायरीने खोल गेल्यामुळे, वाक्यभर लांबीची मराठी नावे असतील तर फोल्डरासकट पूर्ण पत्ता २५९ अक्षरांची मर्यादा ओलांडतो आणि वर्ड नकार देते. देवनागरीत प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते: ‘ग्रामपंचायत’ हे डोळ्यांना सहा अक्षरांचे नाव संगणकाला अकरा अक्षरांचे आहे. नावे आखूड करा. वनड्राइव्ह नकोच असेल तर आधी बॅकअप थांबवा, फायली स्थानिक फोल्डरात आल्याची खात्री करा, मगच ते काढा. दोन्हीकडे दिसते म्हणून एकीकडची फाइल उडवलीत तर दोन्हीकडची जाते.

आता मराठी पत्रे. इथे घाई केली तर नुकसान होते, म्हणून सविस्तर लिहितो. त्या काळची बरीचशी पत्रे श्री-लिपी, आयएसएम किंवा तशाच एखाद्या मराठी टायपिंगच्या पॅकेजच्या फॉन्टमध्ये आहेत. त्या फायलीत मराठी साठवलेलेच नाही. साठवली आहेत ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. फॉन्ट त्यांना देवनागरीचे आकार देतो. फॉन्ट गेला की खालचे इंग्रजी उघडे पडते. काही फॉन्ट ‘सिम्बॉल’ जातीचे असतात, ते नसले की इंग्रजीऐवजी रिकामे चौकोन दिसतात. दोन्हींवर उपाय एकच, तोच फॉन्ट परत बसवणे.

कोणता फॉन्ट ते फाइलच सांगते. कचऱ्यात कर्सर ठेवा आणि ‘होम’मधली फॉन्टची चौकट वाचा. फॉन्ट संगणकावर नसला तरी नाव तिथे येते. पूर्ण यादी हवी तर ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘ॲडव्हान्स्ड’, आणि ‘शो डॉक्युमेंट कंटेंट’खाली ‘फॉन्ट सब्स्टिट्यूशन’. कुठल्या हरवलेल्या फॉन्टऐवजी काय वापरले जात आहे हे तिथे ओळीने लिहिलेले असते. लिबरऑफिसमध्ये हरवलेल्या फॉन्टचे नाव तिरप्या अक्षरांत दिसते. मग बाजूला काढलेल्या जुन्या फॉन्ट्समधून त्या नावाची फाइल घ्या आणि राइट-क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूझर्स’ निवडा. साधे ‘इन्स्टॉल’ केले तर फॉन्ट फक्त तुमच्या खात्यात बसतो आणि काही जुन्या प्रोग्रामांना तो सापडत नाही. वर्ड बंद करून पुन्हा उघडले की पत्र जसेच्या तसे दिसायला हवे. जुना फोल्डर पुसला गेला असेल तर ज्या संगणकावर ते पॅकेज अजून आहे तिथून, किंवा पॅकेज बनवणाऱ्याकडून फॉन्ट घ्या. मिळतेजुळते नाव पुरत नाही. एकाच पॅकेजच्या दोन आवृत्त्यांची मांडणी वेगळी असू शकते, आणि मग अर्धी अक्षरे बरोबर, अर्धी भलतीच असा प्रकार होतो.

फाइल सेव्ह करू नका म्हणालो ते याचसाठी. कचरा दिसताना त्यात टाइप केले की वर्डचे ऑटोकरेक्ट त्याला इंग्रजी समजते. वाक्याचे पहिले अक्षर मोठे करते, सरळ अवतरणचिन्हे वळवते. या फॉन्टांत लहान आणि मोठे इंग्रजी अक्षर म्हणजे दोन वेगळे देवनागरी आकार, त्यामुळे फॉन्ट परत आल्यावरही शब्द मोडलेलेच राहतात. अशा फायलींत काम करायचेच असेल तर ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘प्रूफिंग’मधून ऑटोकरेक्टच्या या दोन्ही गोष्टी बंद करा. आणि कचरा निवडून त्याला मंगल फॉन्ट लावल्याने मराठी होत नाही. कचरा तोच राहतो, वर मूळ फॉन्टचे नावही पुसले जाते.

कायमचा उपाय म्हणजे युनिकोडमध्ये रूपांतर, म्हणजे फाइलीत खरी देवनागरी अक्षरेच साठवणे. रूपांतरक फॉन्टनुसार ठरतो, म्हणून नाव आधी लिहून ठेवा. अख्खी फाइल त्यात ओतू नका. मधले इंग्रजी शब्द, तारखा, ईमेल पत्तेही ‘मराठी’ होऊन बसतात. मजकुरात कर्सर ठेवून ‘होम’, ‘सिलेक्ट’, ‘सिलेक्ट टेक्स्ट विथ सिमिलर फॉरमॅटिंग’ केले की सारख्या रूपाचा मजकूर निवडला जातो. तुकड्यातुकड्याने तेवढाच बदला. नंतर चार ठिकाणी डोळे ठेवून वाचा: रफार, पहिली वेलांटी (जुन्या फॉन्टांत ती व्यंजनाआधी टाइप होते), क्ष-ज्ञसारखी जोडाक्षरे, आणि आपला अर्धचंद्री र. हिंदी डोळ्यापुढे ठेवून बनवलेले रूपांतरक हा र ओळखत नाहीत आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ करतात. शब्दतपासणीला दोन्ही शब्द खरे वाटतात, त्यामुळे चूक माणसालाच पकडावी लागते. कोर्टाची किंवा जमिनीची कागदपत्रे असतील तर मूळ फाइल आणि जुन्या फॉन्टमधली पीडीएफ दोन्ही जपून ठेवा.

अलीकडची, युनिकोडमधली पत्रे वाचता येतात पण ओळी आणि पाने सरकली आहेत, असे असेल तर मंगल, कोकिला, उत्साह किंवा अपराजिता फॉन्ट नसणार. विंडोज १० पासून हे ऐच्छिक झाले आहेत. ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘ऑप्शनल फीचर्स’, ‘व्ह्यू फीचर्स’ इथे ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ शोधा, नेट लागते. तोपर्यंत विंडोज निर्मला यूआय वापरते, त्याची ओळीची उंची वेगळी, म्हणून पाने बदलतात.

ऑफिसची ‘क्विक रिपेअर’ आणि ‘ऑनलाइन रिपेअर’ ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’मधल्या ‘मॉडिफाय’खाली मिळतात. वर्ड सगळ्याच फायलींवर कोसळत असेल तरच तिकडे वळा. वरीलपैकी बहुतेक अडचणींवर त्यांचा उपयोग नाही, आणि ऑनलाइन रिपेअरला बराच डेटा लागतो.

तरीही अडले तर तीन गोष्टी इथे लिहा: वर्डच्या सर्वात वरच्या पट्टीतला मजकूर, फॉन्टच्या चौकटीतले नाव, आणि नोटपॅडमध्ये दिसलेली पहिली चार अक्षरे. पत्रातला मजकूर किंवा नावे टाकू नका, त्यांची गरज नाही.