नवी आमरी वाटतेय? आधी ओठ बघा

राष्ट्रीय उद्यानात ऐनाच्या फांदीवर पांढुरकी आमरी (ऑर्किड) दिसली, ओठावर, म्हणजे इतरांहून वेगळ्या दिसणाऱ्या पाकळीवर, हिरवट छटा, नेटवरच्या एकाही फोटोशी जुळत नाही; मग ही नवी प्रजाती का आणि नाव कसं द्यायचं, असं तुम्ही विचारलंय. (नेमकी जागा तुमच्या प्रश्नातून काढून टाका. झाडं ओरबाडून नेणारेही हे वाचतात.)

माझा अंदाज डेंड्रोबियम ओव्हॅटम. तिची आणि डेंड्रोबियम बार्बॅट्युलमची गल्लत जाणत्यांचीही होते. रंगावर जाऊ नका, उमलताना एक आणि कोमेजताना दुसरा. कधी ओठच साध्या पाकळीसारखा निपजतो. ती विकृती, नवी प्रजाती नव्हे. भिंगातून ओठ बघा: कडेचे दोन भाग कसे वळलेत, मधल्यावर कंगोरे आहेत की केस. फुलाच्या मधल्या स्तंभाच्या टोकाच्या टोपीखाली परागपिंड (परागकणांचे गोळे) असतात, डेंड्रोबियमचे चार, वांडा या दुसऱ्या आमरीचे दोन. पण ते मोजायला फूल खुडावं लागतं, आणि तिथून वनखात्याच्या परवानगीशिवाय पानही उचलायचं नाही.

खरं काम जंगलात नाहीच, ते कपाटांत आहे. मुंबईच्या सेंट झेव्हियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) आपल्या हाताशी आहे. तिथल्याच फादर सांतापाव यांनी कपाडियांबरोबर मुंबईच्या आमरींवर लिहिलेलं पुस्तक 1966चं, आधी ते चाळा. वाळून चपटं झालेलं फूल कोमट पाण्यात भिजवलं की पुन्हा बऱ्यापैकी उलगडतं, अर्थात तिथल्या माणसांना विचारून. त्यानंतर जुन्या नावांचे मूळ नमुने. बरेचसे लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात आहेत, पण चित्रं ऑनलाइन दिसतात. एकाच आमरीला दोघातिघांनी वेगवेगळी नावं ठेवलेली असतात, आणि बहुतेक 'नव्या' प्रजाती इथेच गळतात.

एवढ्यातूनही टिकली तर एका झाडावर भागत नाही, फरक किती पडतो ते कळायला अनेक झाडं बघावी लागतात. एक नमुना होलोटाइप (ज्याच्यावर नाव कायमचं टेकतं तो) ठरवून हर्बेरियममध्ये ठेवायचा, तो कुठे आहे ते निबंधात लिहायचं. वर्णन 2012पासून लॅटिनऐवजी इंग्रजीतही चालतं. स्वतःचं नाव द्यायला नियमाची आडकाठी नाही, लोक हसतात इतकंच. परवान्यांना मात्र हलकं घेऊ नका. 2002 साली पेरूतून परवान्याविना आणलेल्या फ्रॅग्मिपेडियम या आमरीला आणणाऱ्याचंच नाव मिळालं, कोवाचिआय. ते आजही वैध आहे, आणि त्याच्यावर खटलाही झाला.

तूर्त ओठाचे दोन फोटो टाका, समोरून आणि बाजूने, शेजारी पट्टी धरून. खोडाचा एक टाकलात तर उत्तम.