खाऱ्या वाऱ्यातले फाटक आणि ग्राफीनचा रंग

प्रश्न : आमचे घर हर्णैला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. लोखंडी फाटक दोन पावसाळ्यांतच गंजते. यंदा आगोटीच्या कामांत ते रंगवायचे असून दुकानदाराने ग्राफीन मिसळलेला महाग रंग सुचवला आहे. ग्राफीन म्हणजे पेन्सिलीतले शिसेच ना? त्याने लोखंड कसे वाचेल?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : पेन्सिलीत शिसे नसते, माती मिसळलेले ग्राफाइट असते. ग्राफाइट म्हणजे कार्बनच्या षट्कोनी जाळीचे एकावर एक रचलेले थर. ते एकमेकांना सैल धरून असतात, म्हणूनच कागदावर उतरतात. एक मिलिमीटर जाडीत असे सुमारे ३० लाख थर मावतात आणि त्यांतला एकच सुटा थर म्हणजे ग्राफीन. आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये मँचेस्टरला तो चक्क चिकटपट्टीने सोडवला आणि २०१० चे नोबेल मिळवले.

निर्दोष ग्राफीनमधून हेलियमसुद्धा पार होत नाही. रंगात मात्र अखंड चादर नसते, बारीक चकत्या असतात. त्या आडव्या पसरल्या, तर पाण्याला आणि मिठाला लोखंडापर्यंत वळसे घेत जावे लागते, आणि हा फायदा खरा आहे.

मला काळजी वाटते ती आपल्या फाटकाच्या कडीची. ती रोज घासते तिथे रंगावर चरा पडणारच. ग्राफीन उत्तम विद्युतवाहक आहे. त्यामुळे चऱ्यात खारे पाणी शिरले आणि चकत्या लोखंडाला टेकलेल्या असल्या, तर लोखंड इलेक्ट्रॉन सोडते, ग्राफीनच्या पृष्ठावर प्राणवायू ते घेतो, आणि सगळा गंज त्या चिमुकल्या उघड्या जागेवर एकवटतो. वरून रंग शाबूत दिसतो, पण नख लावताच पोपडा सुटून खाली तांबूस भुकटी निघते. तांब्यावर एकपदरी ग्राफीन चढवून केलेल्या प्रयोगांतही सुरुवातीला संरक्षण मिळाले, पण पुढे ते तांबे उघड्या तांब्यापेक्षा अधिक खराब झाले. बोरॉन नायट्राइडची (बोरॉन आणि नायट्रोजनच्या संयुगाची) तशीच षट्कोनी जाळी विद्युतरोधक असल्याने तिच्यात हा धोका नाही.

म्हणून तारेच्या ब्रशाने गंज काढा, गोड्या पाण्याने मीठ धुऊन फाटक कडकडीत वाळू द्या आणि जस्तयुक्त प्रायमर लावा. चरा पडला तरी आधी जस्त झिजते आणि लोखंड टिकते. त्यावर इपॉक्सीचा, म्हणजे घट्ट चिकटणाऱ्या राळेच्या रंगाचा, हात द्या. ग्राफीनचा रंग घ्यायचाच असेल, तर तो सर्वांत वर लावा, आणि मिठाच्या फवाऱ्याची चाचणी चरा पाडलेल्या पत्र्यावर केली होती का, हे दुकानदाराला आधी विचारा. कडीखाली नायलॉनचा वॉशर मात्र आजच बसवा.