पदवी सोडू नकोस, फोटो सोड: वनस्पती-चित्रकलेकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थिनीला उत्तर

प्रिय विद्यार्थिनी,

तुझं पत्र आणि सोबतचं जास्वंदाचं चित्र, दोन्ही सावकाश पाहिलं. तू वनस्पतिशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस. वर्षभर जलरंगाचे ऑनलाइन वर्ग केलेस. पहिल्यांदाच एका बोटॅनिकल आर्ट प्रदर्शनाला चित्र पाठवलंस आणि ते ‘रंगकाम चांगलं, रचना तपासा’ एवढ्या शेऱ्यानिशी परत आलं. आता पदवी अर्धवट सोडून पूर्ण वेळ चित्रकलेचं शिक्षण घ्यावं का, असं तू विचारतेस. यावर पोट भरेल का, असं तुझे आईबाबा विचारतात.

आधी चित्राबद्दल बोलू, कारण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

परीक्षकांचा शेरा बरोबर आहे. जास्वंदाच्या पाकळ्या कळीत पिळासारख्या गुंडाळलेल्या असतात. फूल उमललं तरी तो क्रम राहतो: प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली. तुझ्या चित्रात डावीकडच्या पाकळीच्या दोन्ही कडा वर आल्या आहेत. मधल्या दांड्याच्या टोकाला पाच कुक्षी, म्हणजे परागकण झेलणारी टोकं, हवीत. तू चार काढल्यास, कारण ज्या फोटोवरून चित्र काढलंस त्यात पाचवी मागे लपली होती. शेजारच्या कळीला निदलं, म्हणजे पाकळ्यांखालची हिरवी दलं, आहेत, पण त्यांच्याखालचं बारीक छदांचं (पानासारख्या भागांचं) वलय, म्हणजे एपिकॅलिक्स, गायब आहे. यातली एकही गोष्ट तुला माहीत नाही असं नाही. प्रश्नपत्रिकेत विचारलं असतं तर आकृतीसह लिहिलं असतंस. फोटोवरून काढताना मात्र डोळ्यांनी फक्त फोटो पाहिला, फूल पाहिलंच नाही.

फोटो आणखी दोन ठिकाणी फसवतो. फोन फुलाच्या अगदी जवळ धरला की पुढे आलेला भाग प्रमाणाबाहेर मोठा दिसतो; तुझा केसरांचा दांडा जाडजूड झाला आहे तो त्यामुळे. आणि गडद लाल रंग कॅमेऱ्यात चटकन सपाट होतो, पाकळीवरच्या शिरा त्यात बुडून जातात. निळ्या-जांभळ्या फुलांचं तर विचारूच नकोस, त्यातली कित्येक फोटोत गुलाबीकडे झुकतात. फोटो काढून ठेव जरूर, पण तो फांदीचा बाक किंवा पानांची मांडणी आठवण्यापुरता. माप आणि रंग समोरच्या झाडावरूनच घ्यायचे.

जास्वंदाचं फूल बहुधा एका दिवसाचं. म्हणून कामाचा क्रम त्याच्या घड्याळाने ठरवायचा. सकाळी उमललेलं फूल फांदीसकट पाण्यात उभं कर, तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर. दिवा एकच, डावीकडून आणि वरून. खिडकीचा उजेड मधेच सरकला तर सावल्या एकमेकींशी भांडतात. पहिला अर्धा तास रंगाला हात लावू नकोस. डिव्हायडरने पाकळीची लांबी, जास्तीत जास्त रुंदी, दांड्याची लांबी आणि देठाची जाडी मोजून कागदावर लिही. मग एचबी पेन्सिलीने साध्या कागदावर मूळ आकाराचं रेखाटन कर. रेखाटन झालं की लगेच रंगांचे नमुने: उजेडातली पाकळी, सावलीतली पाकळी, तळाचा गडद डाग, परागकोष. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून नमुना वाळू दे आणि मगच पाकळीशेजारी धरून जुळव. त्याच झाडाचं दुसरं फूल उभं चिरून सगळे भाग ओळीने मांड आणि मोजून काढ. दहापट भिंग पुरतं. फूल आधी, कळी नंतर, पानं सर्वात शेवटी, कारण पान दोन-तीन दिवस थांबतं. रंगवताना दुसऱ्या दिवशी ताजं फूल आणावं लागतंच. ते कालच्या मापांशी जुळणारं निवड, नाहीतर अर्धं फूल एका मापाचं आणि अर्धं दुसऱ्या, असा प्रकार होतो.

अशा अभ्यासाच्या पानाला पूर्ण चित्राइतकाच मान दे. पुढे एखादा वनस्पतिशास्त्रज्ञ तुला काम देईल तेव्हा तो आधी हीच पानं बघायला मागेल.

साहित्य थोडं पण चांगलं घे. कागद पूर्ण सुती, आम्लविरहित, हॉट प्रेस (गुळगुळीत पृष्ठभागाचा), किमान ३०० जीएसएम वजनाचा. खरखरीत कागदावर पाकळीची कड स्वच्छ येत नाही. रेखाटन ट्रेसिंगने किंवा लाइटबॉक्सवर उतरवून घे. चांगल्या कागदावरच खोडत बसलीस की त्याचा पृष्ठभाग उखडतो आणि तिथे रंग डाग धरतो. ब्रश कोलिन्स्की सेबलचे (प्राण्याच्या मऊ केसांचे) दोनच, ४ नंबर पातळ थरांसाठी आणि १ नंबर कोरड्या ब्रशच्या बारीक कामासाठी, टोक नीट जुळणारे. रंगाच्या नळीवरचं नाव वाचू नकोस, रंगद्रव्याचा क्रमांक वाच. अलिझारिन क्रिमसन म्हणून विकला जाणारा पीआर ८३ उजेडात उडतो. भडक ऑपेरा गुलाबीही उडतो. त्यांच्या जागी पीव्ही १९ चालतो. विकलेलं चित्र चार वर्षांनी फिकट झालं तर तो गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. तुझ्या पाकळ्यांची सावली काळ्या रंगाने मळली आहे. लालात किंचित हिरवा किंवा जांभळा मिसळला असतास तर ती जिवंत राहिली असती.

आता वर्गांचं. वर्ग निवडताना शिक्षकाची चित्रं बघ, पण त्याहून जास्त विद्यार्थ्यांची बघ. सगळ्यांची चित्रं शिक्षकासारखीच दिसत असतील तर तिथे नक्कल शिकवतात. चार प्रश्न विचार: खरी वनस्पती समोर ठेवून काम होतं की छापील नमुन्यावरून? फूल चिरून त्याची रचना शिकवतात का? प्रत्येक चित्रावर लेखी अभिप्राय मिळतो का? शाईचं काम अभ्यासक्रमात आहे का? तू वर्षभर केलेल्या वर्गात पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असणार, हे चित्रावरून दिसतं. एडिनबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनचा वनस्पती-चित्रणाचा डिप्लोमा किंवा न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम यांचे विषय वाचून काढ. प्रवेश घ्यायचा नसला तरी चालेल. रेखाटन, रंग, रचना, शाई हे कोणत्या क्रमाने आणि किती वेळ देऊन शिकवतात, ते त्यावरून समजतं. कोणत्याही चांगल्या अभ्यासक्रमात वनस्पतिशास्त्राची ओळख असतेच. तुझ्या वर्गमैत्रिणी जे ओळखीपुरतं शिकतील, ते तू पदवीत सविस्तर शिकते आहेस.

प्रदर्शनांकडे वळू. एका नकाराने तू सगळीच दारं बंद समजलीस, पण प्रदर्शनं एका जातीची नसतात. ब्रिटनमधली रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी एकाच विषयावरच्या सहा चित्रांचा संच मागते आणि सुवर्ण, रजत-गिल्ट (सोन्याचा मुलामा दिलेलं रजत), रजत किंवा कांस्य पदक संपूर्ण संचाला देते. पिट्सबर्गच्या हंट इन्स्टिट्यूटची आंतरराष्ट्रीय प्रदर्शन-मालिका १९६४पासून चालू आहे. १९८५ साली स्थापन झालेली सोसायटी ऑफ बोटॅनिकल आर्टिस्ट्स आणि अमेरिकन सोसायटी ऑफ बोटॅनिकल आर्टिस्ट्स यांची प्रदर्शनं सुट्या चित्रांसाठी जास्त सोयीची. सिडनीच्या वनस्पती-उद्यानाचा मार्गारेट फ्लॉक्टन पुरस्कार शास्त्रीय चित्रणासाठी आहे, तिथे काळ्या-पांढऱ्या कामाला महत्त्व. प्रत्येक ठिकाणचे नियम त्या वर्षीचे वाच: कागदाची कमाल मापं, चौकट आतून की बाहेरून मोजायची, चित्र किती जुनं चालतं, फोटोवरून केलेलं चालतं का, पाठवणी आणि विमा कोणाकडे.

सहाच्या संचात नवखे कुठे अडतात ते आत्ताच सांगून ठेवते. पाच चित्रं जीव ओतून होतात आणि सहावं मुदतीच्या आठवड्यात उरकलं जातं. मग ते एकच सगळा संच खाली ओढतं. दुसरी अडचण ऋतूंची. फूल, फळ आणि बी एकाच चित्रात हवं असेल तर एका झाडासाठी दोन हंगाम लागतात, आणि एक बहर चुकला की वर्ष गेलं. तेव्हा विषय निवडतानाच प्रत्येक जातीचा बहर कधी आणि फळ कधी, याचा तक्ता भिंतीवर लाव.

तुझ्यासाठी मला सर्वात जास्त आशा दिसते ती शाईच्या शास्त्रीय चित्रणात. नव्या जातीचं वर्णन, एखाद्या प्रदेशाच्या वनस्पतींचा कोश, संशोधन-निबंध यांना रेखाचित्रं लागतात. शैवालांच्या नव्या जातीचं नाव तर १९५८पासून आकृतीशिवाय वैधच ठरत नाही. फोटोत एक नमुना दिसतो. चित्रकार पाच नमुने पाहून जातीचं लक्षण काढतो आणि किडलेलं पान वगळतो. पुष्कळदा समोर जिवंत झाड नसतं, हर्बेरियममधला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातला, दाबलेला नमुना असतो. क्युरेटरच्या परवानगीने त्यातलं एखादं फूल गरम पाण्यात, डिटर्जंटचा एक थेंब टाकून, मऊ करून उघडावं लागतं. हे काम रचना माहीत असलेल्या हातालाच जमतं.

त्यातही नेहमीच्या चुका आहेत. चित्र छपाईच्या दीडपट किंवा दुप्पट आकारात काढतात. दुप्पट काढून ०.१ मिलिमीटरची रेघ वापरलीस तर छापताना ती ०.०५ होते आणि तुटते. छटा दाखवायला दिलेले दाट टिंब एकमेकांत मिसळून काळा डाग होतो. म्हणून बाह्यरेषेला ०.२५ किंवा ०.३५ आणि आतल्या तपशिलाला ०.१८ घे. मग प्रत छोटी करून तपास. आणि चित्राशेजारी ‘× २’ कधीही लिहू नकोस. संपादकाने आकार बदलला की ते खोटं ठरतं. मोजपट्टीची रेघ काढ, ती चित्राबरोबरच लहानमोठी होते. रेखाचित्र १२०० डीपीआयला स्कॅन कर, रंगीत चित्र किमान ३००ला.

आईबाबांना सरळ सांग: पगारी जागा फार थोड्या आहेत. बहुतेक चित्रकार तीन-चार झरे जोडून चालवतात: शास्त्रीय चित्रं, शिकवणी, खाजगी मागणीची चित्रं, उद्यानांचे माहितीफलक, बियाण्यांची पाकिटं, मार्गदर्शक पुस्तकं, आणि चित्र वापरायचे हक्क. पूर्ण पानाच्या रंगीत चित्राला ६० ते ८० तास सहज जातात. म्हणून पहिल्या चित्रापासून तासांची नोंद ठेव, त्याशिवाय मोबदला सांगताच येत नाही. करार लेखी हवा. त्यात मूळ चित्र कोणाकडे राहणार, ते कशावर, किती प्रतींत, किती वर्षं छापणार, दुरुस्त्या किती वेळा मोफत, आणि काम मधेच थांबलं तर किती रक्कम, हे सगळं यायला हवं. मूळ चित्र विकलं म्हणजे छापायचा हक्कही विकला, असा समज गिऱ्हाइकांचा असतो. तुझा असू नये.

तेव्हा पदवी पूर्ण कर. आठवड्याचे आठ-दहा तास चित्रासाठी राख आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प वर्गीकरणशास्त्रात घे. विभागात कोणी प्राध्यापक किंवा संशोधक निबंध लिहीत असेल, तर एका जातीचं शाईचं चित्र करून देते असं स्वतः जाऊन सांग, आणि चित्राखाली तुझं नाव छापायची अट घाल. पहिल्या वेळी मोबदला मिळणार नसला तरी छापलेलं पान मिळेल, आणि पुढचं काम त्या पानावर मिळतं. पूर्ण वेळ अभ्यासक्रमाचा विचार पदवीनंतर, सहा पूर्ण चित्रं आणि वीसेक अभ्यासपानं हातात असताना कर.

जास्वंदाचं चित्र टाकून देऊ नकोस, पण दुरुस्तही करू नकोस. चुकलेली कड वरून रंगवून लपत नाही. उद्या सकाळी नवं फूल आण, एपिकॅलिक्सची छदं मोज आणि तिथून सुरुवात कर. अभ्यासाचं पान झालं की पाठव, मापांच्या नोंदींसकट.

तुझी,
करिअर मार्गदर्शक