स्विचिंग पॉवर सप्लायचा ईएमआय (आजूबाजूच्या उपकरणांना होणारा विद्युतचुंबकीय त्रास) कमी करायला केऑस थिअरी, म्हणजे नियमाने चालणाऱ्या पण अंदाज न बांधता येणाऱ्या हालचालींचं शास्त्र, खरंच उपयोगी पडते, की ती फक्त शोधनिबंधांपुरतीच आहे?

उपयोगी पडते. केऑसमुळे स्विचिंगची वारंवारता अनियमितपणे हलत राहते आणि नॉइज पसरतो. पण कमी होतात ती स्पेक्ट्रममधली टोकं, म्हणजे ठरावीक वारंवारतांवरचे उंच सुळके. एकूण ऊर्जा जवळपास तेवढीच राहते.

कन्व्हर्टर (सप्लायमधलं स्विच होणारं सर्किट) १०० किलोहर्ट्झला ठोक्यावर स्विच होत असेल तर नॉइज १००, २००, ३०० अशा मोजक्या रेषांवर साचतो आणि नेमक्या त्याच रेषा मर्यादा ओलांडतात. वारंवारता १० टक्के वरखाली हलवली की दहावी हार्मोनिक (मूळ वारंवारतेची दहापट), म्हणजे १ मेगाहर्ट्झची रेषा, २०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात पसरते. १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झमध्ये ईएमआय चाचणीचा रिसीव्हर ९ किलोहर्ट्झच्या बँडविड्थने मोजतो. त्यामुळे आदर्श हिशोबात त्या टोकाला १३ डेसिबलच्या आसपास उतार मिळतो, प्रत्यक्षात त्याहून कमी.

केऑस आणायच्या वाटा दोन. पीक करंट मोडमध्ये (करंट ठरलेल्या कमाल पातळीला पोचला की स्विच बंद) ड्यूटी, म्हणजे स्विच चालू असण्याचा वाटा, ५० टक्क्यांच्या वर गेली आणि स्लोप कॉम्पेन्सेशन (स्थिरतेसाठी मिसळलेला उताराचा सिग्नल) नसेल, तर कन्व्हर्टर आधी सबहार्मोनिकमध्ये (क्लॉकच्या निम्म्या किंवा त्याहून कमी वारंवारतेच्या आंदोलनात) आणि पुढे केऑसमध्ये जाऊ शकतो. डीन आणि हॅमिल या संशोधकांनी १९९६ मध्ये याच केऑसचा ईएमसीसाठी (उपकरणांनी एकमेकांना त्रास न देण्यासाठी) उपयोग मांडला. कल्पना सुंदर आहे, पण मी प्रॉडक्टमध्ये ही वाट धरणार नाही. रिपल (आउटपुट व्होल्टेजमधली चढउतार) वाढतो, आणि लोड किंवा इनपुट बदललं की सर्किटचं वागणंही बदलतं.

दुसरी वाट मला पटते: आउटपुट सांभाळणारा कंट्रोल लूप स्थिर ठेवा आणि फक्त क्लॉक केऑटिक करा. मायक्रोकंट्रोलरमध्ये लॉजिस्टिक मॅप (केऑटिक आकडे देणारं साधं सूत्र) दोन ओळींत बसतो: नवा एक्स म्हणजे चार गुणिले एक्स गुणिले (एक वजा एक्स). शून्य ते एकमधल्या या एक्सवरून पुढची वारंवारता ठरवायची. मात्र त्याच्या किमती शून्य आणि एकजवळ जास्त गर्दी करतात, म्हणून पट्ट्याच्या दोन्ही कडांना पुन्हा उंचवटे येतात. टेंट मॅप (आलेख तंबूसारखा, दोन सरळ रेषांचा) या दुसऱ्या सूत्राचं वितरण सपाट असतं, पण उतार पूर्ण दोन ठेवला तर बायनरी गणितात दर पावलाला एक बिट गळतो आणि काही पावलांतच क्रम शून्यावर येऊन थांबतो. उतार १.९९ सारखा ठेवा, शब्द ३२ बिटांचा घ्या आणि क्रम छोट्या चक्रात अडकत नाही ना, हे आधी पीसीवर तपासा.

एवढ्यासाठी केऑसच कशाला, साधं त्रिकोणी मॉड्युलेशन (वारंवारता ठरावीक लयीत सरळ वर-खाली नेणं) का नको? त्यानेही बरंच काम होतं. पण ते आवर्ती असल्यामुळे मॉड्युलेशनच्या वारंवारतेइतक्या अंतरावर साइडबँड (मूळ रेषेच्या दोन्ही बाजूंच्या छोट्या रेषा) उरतात आणि ती वारंवारता ऐकू येण्याच्या टप्प्यात असेल तर इंडक्टर शीळ घालतो. केऑटिक क्रमात ते साइडबँड विरघळतात. शिळेऐवजी फार तर फसफस ऐकू येते.

इनपुट फिल्टर मात्र काढू नका, तो लहान होईल एवढंच. आणि त्याच बोर्डवर एडीसी (अॅनालॉग सिग्नलचे आकडे करणारी चिप) किंवा ऑडिओ असेल तर आउटपुटचा कमी वारंवारतेचा रिपल आधी मोजा, कारण या पद्धतीत तो हमखास वाढतो.