दुकानांच्या इमारतीत शाळा काढताय? आधी हे बघा

भाडेकरारावर सही करण्याआधी मालकाकडून मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला परवानगी दिल्याचा दाखला) मागून घ्या. तुमचा मजला त्यात दुकानं किंवा कार्यालयं म्हणून दाखवला असेल, तर तिथे वर्ग भरवणं हा वापरातला बदल ठरतो. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार त्यालाही महापालिकेची परवानगी लागते. ती मिळण्याआधी 'रंगकाम तर करून घेऊ' असं अजिबात करू नका.

माझा जीव अडकतो तो जिन्यात. गिऱ्हाइकं आणि मुलं एकाच जिन्याने येत-जात असतील, तर ती जागा सोडा, भाडं कितीही कमी असो. २००४ मध्ये तमिळनाडूतल्या कुंभकोणमला शाळेच्या स्वयंपाकघरात लागलेली आग शाकारलेल्या छपरापर्यंत पोचली आणि ९४ मुलं गेली. खाली हॉटेल असेल तर त्याची भटारखान्याची बाजू स्वतः जाऊन पाहा. अग्निशमन दलाचा दाखला तुमच्या शाळेच्या वापरासाठीच हवा. इमारतीचा जुना दाखला पुरत नाही.

आणि एकदा दुपारी, शाळा सुटण्याच्या वेळी, समोर उभे राहा. रिक्षा, बस, दुकानांचे टेम्पो कुठे थांबतील? नकाशा काढणाऱ्या आर्किटेक्टलाही सोबत न्या.